शेतात रमलेली कवयित्री : बहिणाबाई चौधरी

दरवर्षी चौथीच्या वर्गात बहिणाबाई चौधरींची ओळख करून देताना एक तरी मूल विचारतेच, की त्या कोणत्या शाळेत शिकल्या. त्या शाळेत कधी गेल्याच नाहीत असे मी सांगते आणि वर्गात आनंदीआनंद होतो. मग उरलेला तास शाळा का हवी हे पटवण्यात जातो. तीस वर्षे मी हे करत आले आहे. खरे सांगायचे तर त्यातली पंचवीसएक वर्षे मी बहिणाबाईंना फक्त शिकवत होते, वाचत नव्हते.

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या असे मंडळाने सांगितले, तेव्हा शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, सावित्रीबाई फुले हे विषय इतरांनी आधीच घेतले होते. मला बरेच वाटले. आपण ही शताब्दी कसली साजरी करत आहोत हे वाचकांनी एकदा आठवून पाहावे. आपले पूर्वज बोटीतून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले त्याला शंभराहून पुष्कळ अधिक वर्षे झाली. ही शताब्दी आहे ती मळ्यातल्या वस्तीतून उठून, पै पै साठवून, या गावात स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर येऊन राहिल्याची. दुसऱ्याची माती सोडून आपल्या मातीत पाय ठेवल्याची. आज त्या तुकड्यांत आपल्या घरातले कितीजण उतरतात? म्हणून मला वाटले, की जिने सारा जन्म मातीत घालवला आणि मनाचा आधारही तिथेच शोधला, त्या बाईची गोष्ट या अंकात असावी.

आधी एक घोटाळा दूर करते. मराठीत बहिणाबाई दोन झाल्या. एक संत बहिणाबाई, तुकाराम महाराजांच्या शिष्या, सतराव्या शतकातल्या. आपल्याकडे भजनाच्या वेळी पुष्कळजण दोघींना एकच समजतात. मी लिहिते आहे ती बहिणाबाई त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी झाली. ती संत नव्हती, शेतकरीण होती.

त्यांचा जन्म १८८० साली, नागपंचमीच्या दिवशी, जळगावजवळच्या आसोदे या गावी महाजनांच्या घरात झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. नागपंचमीला शेतकरी जमिनीत नांगर घालत नाही. मातीखालच्या जिवाला इजा होऊ नये, एवढाच त्यामागचा भाव. पुढे मातीतल्या इवल्याशा कोंबाचीही ज्या बाईने दखल घेतली, तिचा जन्म नेमका या दिवशी व्हावा, हे मला फार आवडते.

आपल्यातल्या बहुतेक घराण्यांची मुळे कोकणात, रत्नागिरीच्या बाजूला. लाल माती, नारळ, भात, समुद्र. बहिणाबाईंचा खानदेश त्याहून अगदी वेगळा. तापी आणि गिरणा नद्यांच्या खोऱ्यातली काळी जमीन, कापूस आणि ज्वारीचे पीक, वैशाखात अंगाची लाही करणारे ऊन. समुद्र तिथून दूर. बोलीही निराळी. त्या भागातली लेवा गणबोली ऐकली तर आपल्याला पहिल्यांदा हसू येते, कारण तिथे ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याला डोया म्हणतात. माझे विद्यार्थी दोन दिवस एकमेकांशी असेच बोलतात. पण ओव्या, जाते, तुळस, सण, माहेरची ओढ हे सारे तिकडचे आणि आपल्या पणज्यांनी गाठोड्यात बांधून आणलेले एकच आहे.

तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. आजच्या हिशेबाने ती सहावी-सातवीतली मुलगी. मोठे शेतकरी कुटुंब, माणसांचा राबता, आणि नव्या सुनेच्या वाट्याला येणारी सगळी कामे. पहाटेच्या अंधारात जात्यापासून दिवस सुरू होई. दळण, झाडलोट, पाणी, चूल, गोठा, आणि उजाडले की शेत. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उपणणी, प्रत्येक हंगामाचे काम ठरलेले. विहिरीवर बैल मोट ओढत. माहेर फारसे लांब नव्हते, पण सासुरवाशिणीला चार कोसही चारशे कोसांसारखे. खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. तेव्हा लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या सणावर आणि माहेरच्या वाटेवर बहिणाबाईंनी गाणी रचली आहेत.

रचली म्हणजे कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागद-दौत घेऊन त्या बसल्या नाहीत. जात्याचा खुंटा हातात असताना, निंदताना, भाकरी थापताना ओळी जुळत आणि त्या गुणगुणत. एखादी आवडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गात, नाहीतर ती तिथेच पिठात मिसळून जाई. आपल्याला हे येते कुठून, याचे त्यांनी स्वतःच एका गाण्यात उत्तर दिले आहे. सरस्वतीला त्यांनी आपली आई मानले आणि तीच आपल्याला शिकवते, आपल्या मनात गुपिते पेरते, असे सांगितले. इथेही शब्द पेरणीचाच आला. कवी लोक प्रेरणा वगैरे म्हणतात; शेतकरणीच्या मनात बी पडते.

मी एक प्रयोग वाचकांना सुचवते. बहिणाबाईंची गाणी घ्या आणि त्यातल्या वस्तूंची यादी करा. जाते, तवा, मोट, नांगर, गाडी, बैल, बोर, बाभूळ, कोंब, वारा, ऊन, पक्षी. सुंदर म्हणून मुद्दाम पाहायला जावे असे यात जवळजवळ काहीच नाही. धबधबा नाही, डोंगराचे शिखर नाही. जे रोज पायाखाली आणि हाताखाली येते तेच आहे. सुगरण पक्षिणीचे झाडाला टांगलेले घरटे त्यांनी पाहिले आणि त्यांना नवल वाटले, की हिच्याजवळ चोचीशिवाय काही नाही, माणसाला तर दोन हात आहेत. मनाविषयी बोलायचे झाले तर त्यांना आठवते ते चुकार गुरू, हाकलले तरी पुन्हा शेतात शिरणारे. हे ज्याने पीक राखले आहे त्यालाच सुचेल. उपणणीसाठी टोपलीभर धान्य डोक्यापाशी धरून उभे राहायचे तर वारा हवा. तो पडला की काम अडते. बहिणाबाई त्या वाऱ्याला घरच्या माणसासारखी हाक मारतात. त्याच्यावर रुसतात, त्याची मनधरणी करतात.

मला वाटते इथेच सगळे आहे. शेत त्यांना दिसत होते, आणि त्या शेताशी बोलत होत्या. एकाच बांधावर दोन बाया काम करतात. एकीला फक्त किती ओळी उरल्या हे दिसते, दुसरीला कोंबही दिसतो. कष्ट दोघींना सारखेच. घाम दोघींना सारखाच.

पण त्यांचे आयुष्य सुखाचे होते असा कोणी समज करून घेऊ नये. त्या तरुण असतानाच, १८९६ पासून, मुंबई इलाख्यात प्लेग पसरला. त्यातच मोठे दुष्काळ पडले. (१८९९ मध्ये तोच प्लेग आपल्या मॉरिशसमध्येही आला. एकाच रोगाने समुद्राच्या दोन्ही काठांवर आपली माणसे नेली, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते.) बहिणाबाईंचा मोठा मुलगा ओंकार प्लेगमधून वाचला, पण त्याला कायमचे अपंगत्व आले. आणि १९१० मध्ये नथुजी वारले. बहिणाबाई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या. पदरी तीन मुले : ओंकार, सोपान आणि मुलगी काशी.

तीस वर्षांची विधवा म्हणजे त्या काळी काय, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. कुंकू गेले, बांगड्या गेल्या, सणासमारंभात पुढे येण्याची सोय गेली. आयाबाया येऊन गळा काढत. बहिणाबाईंनी त्या दिवसांवर जे गाणे रचले त्यात रडणे आहे, पण लोळण नाही. शेजारणींची दया त्यांना नको होती. नवरा गेला, सौभाग्याची खूण गेली, तरी आपण आहोत, आपली लेकरे आहेत, आणि आता आपला जीव आपल्याच भरवशावर आहे, असा त्या गाण्याचा भाव आहे. त्या ओळी मी इथे देत नाही. पुस्तक घेऊन सबंध गाणेच वाचावे, एकेक ओळ तोडून घेण्यासारखे ते नाही.

त्यानंतर आणखी ४१ वर्षे त्या जगल्या. या ४१ वर्षांत सांगण्यासारख्या घटना थोड्या आहेत. मुले मोठी झाली, घर चालले, शेत पिकले किंवा बुडाले, आणि पुन्हा पेरले. चरित्र लिहिणाऱ्याची इथे पंचाईत होते. मोठ्या माणसांच्या चरित्रात या ठिकाणी सभा, तुरुंग, प्रवास, पदव्या येतात. इथे फक्त ऋतू येतात. पण त्यांची गाणी वाचताना मला सारखे वाटते, की ते ऋतूच त्यांच्या उपयोगी पडले. मृग आला की पेरावेच लागते. पेरणारी बाई आज दुःखात आहे की सुखात, हे आभाळ विचारत नाही. हे निष्ठुर वाटेल. मलाही आधी तसेच वाटायचे. पण दुःखातल्या माणसाला कोणीतरी अंथरुणातून उठवावे लागते, आणि माणसे उठवतात तेव्हा ती कीव करून उठवतात. शेत कीव करत नाही. ते नुसते वाट पाहत पडलेले असते. आणि आठ-दहा दिवसांनी, आपण काही विशेष केलेले नसताना, ढेकळाखालून दोन पाने वर येतात. बहिणाबाईंना ती दोन पाने हात जोडल्यासारखी दिसली. धरणीमातेच्या कुशीत बियाणे कसे झोपते आणि कसे जागे होते, याचे त्यांचे गाणे त्यांच्या उत्तम गाण्यांपैकी आहे.

निसर्ग म्हणजे सगळे चांगले आणि गोड, असेही त्यांनी मानले नाही. खानदेशातला पाऊस कधी दगा देतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होते. पण माणूस आणि झाड यांत खोटे कोण वागते, असा प्रश्न आला की त्या झाडाच्या बाजूने उभ्या राहतात. बोरी-बाभळीला काटे का आले, याचे त्यांनी दिलेले कारण माणसाच्या खोट्या व्यवहारांशी जोडलेले आहे. जळगावातला छापखाना पाहून त्यांनी त्यावरही गाणे केले. ज्या बाईला छापलेले अक्षर वाचता येत नव्हते तिने छापखान्यावर गाणे करावे, आणि पुढे छापखान्यानेच तिला जगापुढे आणावे, असा हा योग.

तो योग कसा आला ते सांगते. धाकटा मुलगा सोपानदेव शिकला आणि कवी झाला. बाहेर कवी म्हणून नाव होत असताना घरात चुलीपाशी बसून आपली आई काय गुणगुणते आहे, ते त्याच्या कानावर पडत होते. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकून ऐकून काही गाणी वहीत उतरवून ठेवली. काहीच. बाकीची गेली. किती गेली हे कोणाला सांगता येणार नाही, कारण बहिणाबाईंनी ती मोजली नव्हती आणि जपूनही ठेवली नव्हती. शेतकऱ्याने एक दाणा पेरला आणि कणसात किती आले हे कधी मोजले आहे का?

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई वारल्या. त्या दिवशी जळगावच्या बाहेर त्यांना कोणी कवयित्री म्हणून ओळखत नव्हते. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे मोठे साहित्यिक, जिभेचे तिखट, सहजासहजी भुलणारे नव्हेत. वही वाचून ते थक्क झाले आणि हे धन लपवून ठेवणे हा गुन्हाच आहे असे त्यांनी ठरवले. त्यांच्याच मोठ्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. त्यात जेमतेम ३५ कविता होत्या. त्या ३५ कवितांनी महाराष्ट्र हलला. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांतली गाणी आली आणि ज्यांनी पुस्तक पाहिले नव्हते त्यांच्याही ओठांवर बसली. आपल्याकडे रेडिओवरून ती ऐकलेली माणसे अजून आहेत. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या नावाच्या पदव्या आता तिथली मुले घेतात. (हे मात्र मी चौथीच्या वर्गात सांगत नाही.)

आता थोडे आपल्याविषयी.

बहिणाबाई राबल्या त्या आपल्या घरच्या शेतात. आपल्या पूर्वजांचे तसे नव्हते. पाच वर्षांचा करार, महिन्याला पाच रुपये पगार, आणि एक दिवस कामावर गेले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. उसाच्या शेतांमधून अजूनही काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. प्रवासी लोक थांबून त्यांचे फोटो काढतात. ते दगड आपल्या माणसांनी हातांनी उचलून रचलेले आहेत. अशा जमिनीवर प्रेम करा असे मी कोणाला कोणत्या तोंडाने सांगू? मळ्यावर सरदार डोळा ठेवून असताना ऊस तोडणाऱ्या बाईला आभाळ पाहायला सवड होती का?

माझी आई ऊस तोडायला जात असे. उसाच्या पात्याने हात कापतात म्हणून ती मनगटापासून वर जुने कापड गुंडाळायची, तरी संध्याकाळी तिच्या हातांवर बारीक लाल रेघा असायच्या. आम्हा मुलींना तिने शेताकडे फिरकू दिले नाही. मातीत खेळलेले तिला खपत नसे. अभ्यास कर, नाहीतर कोयता हातात येईल, एवढेच तिचे सांगणे. तिच्या त्या भीतीमुळेच मी शिकले, परीक्षा दिली, शिक्षिका झाले. या गावातल्या माझ्या वयाच्या बहुतेक बायकांची गोष्ट थोडीफार अशीच असेल. माती म्हणजे गरिबी, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो. मग अंगणात सिमेंट घातले. ते स्वच्छ राहते म्हणून आपल्याला अभिमानही वाटला. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मिरची झाडाला लागते हे ठाऊक नव्हते, आणि तिची पणजी याच गावात भाजी पिकवून विकत होती.

चार वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्यानंतर कित्येक महिने मला झोप येत नव्हती. शाळेत जायचे, शिकवायचे, घरी येऊन दिवा न लावता बसायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला जा म्हणून सांगितले. मुलगा रविवारी मोटारीतून ब्लॅक रिव्हरच्या डोंगरात घेऊन जाई. जागा फार देखणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण मी तिथे पाहुणी होते. पाहून परत यायचे. मग एक दिवस आई, वय ८१, काही न बोलता उठली आणि आमच्या घरामागच्या तुकड्यात जाऊन गवत काढू लागली. तो तुकडा पणजोबांनी घेतलेला, आणि आम्ही वर्षानुवर्षे तसाच पडू दिलेला. म्हातारी एकटी वाकलेली पाहून मला लाजेने जावे लागले. मी तिला विचारले, की जन्मभर तूच आम्हाला मातीपासून दूर ठेवलेस आणि आता हे काय. तिचे उत्तर फार साधे होते. ती म्हणाली, की ती माती दुसऱ्याची होती, ही आपली आहे.

वाचकहो, त्या दिवसापासून माझे दुःख पळाले असे मी लिहिणार नाही. तसे होत नसते. पण कोथिंबीर, वांगी, आणि कुंपणापाशी हळद एवढे आम्ही लावले, आणि हळूहळू मला झोप लागू लागली. वाकून गवत काढताना मन थोडा वेळ इकडे-तिकडे जायचे थांबते. हात कामात असले की त्याला चरायला वेगळे रान लागत नाही. त्याच दिवसांत मी कपाटातून बहिणाबाईंचे पुस्तक काढले आणि पहिल्यांदा शिकवण्यासाठी नाही, तर स्वतःसाठी वाचले. त्यांच्या पेरणीच्या गाण्यात काय आहे, हे नखांत माती असताना कळले.

आमच्या शाळेच्या मागे बांबूच्या बेटात पिवळ्या विणकर पक्ष्यांची घरटी लोंबतात. वर्षानुवर्षे मी सुगरणीचा धडा फळ्यावर चित्र काढून शिकवला आणि खिडकीबाहेर हे चालले होते ते पाहिले नाही. हा पक्षी भारतातली सुगरण नव्हे, तिचा आफ्रिकेतला भाऊबंद. तोही या बेटावर बाहेरूनच आणलेला, आपल्यासारखाच. आता तो धडा मी मुलांना बांबूखाली नेऊन शिकवते. गलका फार होतो, पक्ष्यांचा आणि मुलांचा. शेजारच्या वर्गातून तक्रार आली आहे.

एक गोष्ट मात्र मला खात राहते. माझ्या आजीकडे जाते होते. ती पहाटे दळताना गायची, हे मला अर्धवट झोपेत ऐकलेले आठवते. तिने काय गायले ते मी कधी विचारले नाही. कोकणातून आलेल्या जुन्या ओव्या होत्या, की या बेटावरच्या, या उसाच्या, या दगडांच्या तिने स्वतः जुळवलेल्या? आपल्या मळ्यांवरही एखादी बहिणाबाई होऊन गेली असेल. सरदाराची पाठ वळली की दोन ओळी गुणगुणणारी. तिला सोपानदेव मिळाला नाही. आमची पिढी शिकली, वह्या भरभरून लिहिल्या, पण त्यांत आजीचे काही उतरवले नाही.

आता संध्याकाळी आई आणि मी हळदीच्या वाफ्यापाशी बसतो तेव्हा मी जवळ शाळेची एक वही ठेवते. तिला नेमून विचारले तर काही आठवत नाही. हातात खुरपे असले की आठवते. मध्येच एखादी ओळ येते, पुढची विसरते, दोन दिवसांनी चूल पेटवताना तीच ओळ पुरी होते. आतापर्यंत सात ओव्या झाल्या आहेत. आठवीची पहिली ओळ मिळाली आहे, दुसरीची वाट पाहतो आहोत.